एका घावात

ओहोटीला खडक उघडे पडले की शेवंतीकाकी हातोडी घेऊन कालवं फोडायला उतरते. तिच्यामागून मी बर्फाचा डबा घेऊन उतरते. तिची कालवं बाजारात जातात, माझी बोटाएवढ्या नळ्यांत. समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकतंय. अशा पाण्यात कालवाची कोणती जनुकं धडपडू लागतात, ते मी प्रयोगशाळेत वाचते. पीएचडी संपली, तरी हे वाचन संपलेलं नाही.

आज काकी मध्येच थांबून हसली. "पूर्वी तीन घाव घालावे लागायचे गो. आता एकात फुटतं. माझ्या म्हाताऱ्या हातांची देवाला दया आली बघ."

मी तिचे हात पाहिले. कडांनी चिरलेले, सांध्यांशी सुजलेले. आयुष्यात त्यांना मिळालेली ही पहिली सवलत असावी. आणि माझ्या नळ्या सांगतात, आतला तो मऊ जीव सगळी ताकद घर बांधण्यात घालतो, स्वतः वाढायलाही काही राखत नाही, तरी या आम्लाळ पाण्यात कवचाची भिंत पातळच राहते. परिषदेत हे मी न अडखळता बोलते. पण इथं सांगून कवचं जाड थोडीच होणार होती? काकीचा देव तेवढा गेला असता.

"तू मारून बघ," म्हणत तिनं खडकावरचं एक कालव दाखवलं. मी हातोडी उचलली आणि मुद्दामच अगदी हलकी टेकवली.

तेवढ्यानंही ते फुटलं.

"जमलं की गो तुला!" काकी म्हणाली, पोटच्या लेकीला जमल्यासारखी हरखून.