सात टन कमी

माणिकराव फिटर निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते आणि त्यांचा एकच हट्ट होता, आमच्या कारखान्याचं जुनं डिझेल इंजिन भंगारात जाऊ द्यायचं नाही. रेल्वे कोळशाच्या वाघिणी परळीकडून आणून आमच्या सायडिंगला सोडते. तिथून त्या आत ओढायचं काम या इंजिनाचं. मी सुरेखा, रुळावरच्या वजनकाट्यावर बसते. वाघिणी माझ्यासमोरूनच जातात, म्हणून हा सगळा तमाशा मला बसल्या जागी बघायला मिळाला.

कारखान्याच्या साहेबांना नवं इंजिन हवं होतं. माणिकराव म्हणायचे, "सांगाडा खणखणीत हाय, चाकं चांगली हायेत. आतली मशीन तेवढी बदला. नवं कावून घ्यायचं?" आठ वर्षं हेच सांगून सांगून त्यांचे केस पांढरे झाले, तेव्हा कुठे मंजुरी आली.

नवी मशीन बसली, नवे ब्रेक आले. चाचणीला ड्रायव्हर तानाजीने वीस वाघिणी जोडल्या आणि काट्याच्या अलीकडच्या चढावर चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. इंजिन इंचभरही हलेना.

"म्हातारं ते म्हातारंच," साहेब म्हणाले आणि बघितलं माणिकरावांकडे. असा राग आला मला!

साहेब गेल्यावर माणिकराव माझ्याकडे आले. "पोरी, इंजिन काट्यावर घे बरं."

नवी मशीन बसल्यापासून हे कुणाला सुचलंच नव्हतं. त्रेपन्न टन भरलं. जुन्या वहीत बघितलं, तर साठ.

"सात टन कमी. जुनी मशीन लई जड होती, ही हलकी हाय. चाकं रुळाला धरंनात. रानात वखर मातीतून वर उठाया लागला तर आपण काय करतो? वर धोंडा ठेवतो."

हेच ते साहेबांना सांगायला गेले. साहेब हसले. "हलकी मशीन मुद्दाम आणली, आता तिच्यावर दगड ठेवू? बरं, अर्ज द्या. तीन प्रतींत."

पहिला अर्ज समास सोडला नाही म्हणून परत आला. दुसरा खात्यामार्फत आला नाही म्हणून. तिसऱ्यावर साहेबांचा चहाचा पेला आठवडाभर बसून होता, मी डोळ्यांनी बघितला. तोवर इंजिन भंगारात काढायचा प्रस्तावही तयार झाला.

मग माणिकरावांनी अर्जांचा नाद सोडला. यार्डातले जुन्या रुळांचे तुकडे त्यांनी आणि तानाजीने साखळी-कप्पीने उचलून इंजिनाच्या पोटात दोन्ही अंगांना सारखे बसवले, वरून पट्ट्या आवळल्या. तीन दिवस लागले. काट्यावर बरोबर साठ भरले. त्याच वीस वाघिणी इंजिनाने मुकाट वर ओढून नेल्या. तानाजीने भोंगा इतका वाजवला की उकिरड्यावरची कुत्री पळाली.

दुसऱ्या दिवशी माणिकरावांच्या हातात नोटीस! विनापरवाना भंगार भरलं, तत्काळ काढा. निवृत्तीच्या दिवशी, हारतुरे व्हायच्या आधी, त्यातला शेवटचा तुकडा त्यांनी स्वतःच कप्पीने उतरवला. रागाने रडूच आलं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पुन्हा चढावर गरगरायला लागलं. मागे कोळसा खोळंबला, रेल्वेवाले रिकाम्या वाघिणी मागायला लागले, आत भट्टी थंड व्हायची वेळ आली. बारा वाजता साहेब स्वतः माझ्या खोलीत आले. "माणिकरावांना फोन लावा. ते वजन कुठे कसं बसवायचं, त्यांनाच ठाऊक."

माणिकराव आले. इस्त्रीचा सदरा, पायात नव्या चपला. रुळाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"माणिकराव, ते वजन परत घाला ना," साहेब म्हणाले.

"घालतो की. पण परवानगी लागंल. इंजिन भंगारात काढणार न्हाई, वजन घालाया मंजुरी हाय, एवढं लिहून द्या. तीन प्रतींत."

साहेबांनी घाम पुसला आणि माझ्याकडे कोरे कागद मागितले. मी दिले. आधी पट्टी घेऊन तिन्हींवर समास आखले, मग दिले.