बारा वर्षांच्या लॅपटॉपवर नवं लिनक्स

जुन्या लॅपटॉपवर नवं लिनक्स टाकायला एक पेनड्राइव्ह आणि एक रविवार पुरतो. पुरत नाही तो लोकांचं ऐकून घेण्याचा संयम. खडकीत आमच्या विहाराशेजारच्या अभ्यासिकेत मी हा उद्योग केला आणि तेव्हापासून असे किस्से साठतच चाललेत. एकेक आठवला तरी डोकं तापतं.

लॅपटॉप बारा वर्षांचा. त्याचा कीबोर्ड बदलायला मी आणि माझे वडील, आप्पा, दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं झाकणसुद्धा उघडलं नाही.

"भंगारात द्या, मॅडम. वय झालं त्याचं."

आप्पांची अख्खी नोकरी दारूगोळा कारखान्यात लेथवर गेलेली. त्यांनी शांतपणे विचारलं, "आपलं दुकान कधीपासूनचं?"

"आजोबांपासून," तो अभिमानानं म्हणाला.

"मग आम्ही इथे यायलाच नको होतं."

आप्पा लॅपटॉप काखेत मारून पायऱ्या उतरले. जुन्या बाजारातून कीबोर्ड आणला आणि घरी स्वतःच बसवला.

आमच्या ऑफिसचं तर बोलूच नका. मी हिंजवडीत सर्व्हर सांभाळते. सगळे लिनक्सवर चालतात. अभ्यासिकेचं ऐकून माझा मॅनेजर हळहळला.

"बिचारी मुलं. लिनक्स शिकून करणार काय?"

म्हटलं, "माझी नोकरी."

तो हसला. मी विनोद केलाच नव्हता.

मग प्रज्ञाच्या स्कॉलरशिपचा फॉर्म. अभ्यासिकेत येणारी बारावीतली हुशार पोर, घरी कॉम्प्युटर नाही आणि फॉर्मचा शेवटचा दिवस. आमच्या लॅपटॉपवर वेबसाइट म्हणे, 'आपली सिस्टीम चालणार नाही.' मी हेल्पलाइनला फोन लावला.

"दुसरा कॉम्प्युटर घ्या, मॅडम."

"अहो, दुसरा असता तर तिनं स्कॉलरशिप कशाला मागितली असती?"

"ते आमच्याकडे येत नाही."

तेवढ्यात त्यांची वेबसाइटच कोसळली. पडद्यावर बिघाडाचा संदेश आला आणि त्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत, त्यांच्या सर्व्हरच्या सिस्टीमचं नाव. प्रज्ञानं मोठ्यानं वाचलं, "लिनक्स."

मी तेच नाव हेल्पलाइनवाल्याला ऐकवलं. त्यानं फोन ठेवला. वेबसाइट तासाभरानं उठली. आम्ही ब्राउझरच्या सेटिंगमध्ये आपण विंडोजवाले असल्याची थाप मारली आणि फॉर्म मुकाट गेला. पोरीला खरं बोलून शिकता येऊ नये, याचा राग मला अजून आहे.

आणि तो कार्यक्रम. एका कंपनीनं अभ्यासिकेला नवा लॅपटॉप भेट दिला. हार, समई, फोटोग्राफर. कंपनीचा माणूस आमच्या लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाला, "तो डबा उचला, फोटोत येतोय." प्रज्ञानं तो टेबलाखाली ठेवला.

कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या हस्ते नवा लॅपटॉप सुरू झाला. पडद्यावर अक्षरं आली, 'अपडेट सुरू आहे, बंद करू नका.' वीस मिनिटं आकडा हलेना. साहेबांचं सगळं भाषण पेनड्राइव्हमधल्या स्लाइडवर. शेवटी तोच माणूस घाम पुसत माझ्याकडे आला.

"मॅडम, ते तुमचं... जुनं मशीन चालतं का?"

प्रज्ञानं टेबलाखालीच लॅपटॉप उघडला, प्रोजेक्टरची वायर त्याला जोडली आणि मांडी घालून बसली. साहेब बोलत गेले, ती स्लाइड पुढे सरकवत गेली. एकदाही अडकलं नाही.

भाषण संपवून साहेबांनी नव्या लॅपटॉपवर हात ठेवला आणि मुलांना विचारलं, "पाहिलंत? जुन्या मशीनला जमलं असतं का हे?"

पहिल्या रांगेत आप्पा उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले.