नव्या लॅपटॉपचा खोका

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं आहे. अम्मी म्हणाली, "सना, अब्बा आजोबांशी फोनवर बोलेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही." मी तोंडातून काढत नाहीये, लिहिते आहे. तेही मराठीत. इथे सौदीत, आमच्या जुबैलच्या बिल्डिंगमधली मुलं मराठी बोलतात सगळी, पण वाचता येतं ते मला एकटीलाच, कारण अम्मीने मला सुट्टीत बसवून शिकवलं. म्हणजे गुपित तसं सुरक्षितच आहे!

आमच्या बिल्डिंगमध्ये किस्से खोक्यांसारखे साठतात. कुणाच्याही घरी जा, पलंगाखाली आणि कपाटावर रिकामे खोके दिसणारच. मिक्सरचा, इस्त्रीचा, पंख्याचा, आतल्या थर्मोकोलसकट. ते टाकायचे नसतात, कारण एक दिवस सगळं सामान त्यांतच भरून रत्नागिरीला न्यायचं असतं. इथली बहुतेक घरं तिकडचीच. आणि नियम सगळ्यांचा एकच: जुनं इथे वापरायचं, नवं गावाला न्यायचं.

*

हा नियम सगळ्यांत कडक पाळतात ते सलीमचाचा. आमच्या खालीच राहतात, अब्बांच्याच शिफ्टला असतात.

त्यांच्याकडे एक जुना ओव्हन आहे. त्याचं दार आपोआप उघडतं, म्हणून चाचींनी त्याला नाडी बांधली आहे. समोसे गरम करायचे तर आधी गाठ मारायची, मग बटण दाबायचं. हा ओव्हन ज्या उंच खोक्यावर ठेवलेला आहे, त्या खोक्यात नवाकोरा ओव्हन आहे!

एकदा अम्मी न राहवून म्हणाली, "अहो भाभी, गाठी कसल्या मारताय? खालचा काढा ना!"

चाची दचकल्याच. म्हणाल्या, "तो कसा काढू? तो गावचा आहे!"

*

वरच्या मजल्यावर सुनीतामावशी राहतात. त्या सांगलीच्या, इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत. त्यांच्या घरात नवं काहीच नाही. कुणी फायनल एक्झिट घेऊन कायमचं भारतात निघालं की त्याची भांडीकुंडी मावशींकडे येतात, आणि प्रत्येक वस्तूला जुन्या मालकाचं नाव चिकटून राहतं. डिसूझाबाईंचा कुकर, खानसाहेबांची खुर्ची. खानसाहेबांना आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही, तरी त्या खुर्चीत बसताना आम्ही जरा सरळ बसतो.

एकदा खुद्द डिसूझाबाई रियाधला मुलाकडे आल्या आणि तिथून मावशींना भेटायला आल्या. मावशींनी त्यांच्याच कुकरमध्ये पुलाव लावला. गप्पा चालल्या होत्या. कुकरची तिसरी शिट्टी झाली तशी मावशी उठल्या. डिसूझाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बस गं. त्याची तिसरी खोटी असते!"

*

सलीमचाचांची रुबीना माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. दहावी झाली की मुलांना गावाला पाठवायचं, ही बिल्डिंगची पद्धत. आजी-आजोबांकडे राहायचं, तिकडच्या कॉलेजात जायचं. रुबीनाला चाचांनी नवा लॅपटॉप घेतला, आणि पुढच्याच महिन्यात ती गेली.

"त्याच्यावरची फिल्म काढू नकोस हां," चाचांनी एअरपोर्टवर बजावलं होतं. "ओरखडे पडतात."

रुबीनाने नाही काढली. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर ती कायम धुक्यात बसल्यासारखी दिसायची. चाचा रोज गावच्या नेटला शिव्या द्यायचे. शेवटी एक दिवस तिने कंटाळून कॅमेऱ्यावरची फिल्म ओढून काढली, आणि स्क्रीनवर एकदम तिचा चेहरा आला. लख्ख!

चाचा बघतच राहिले. मग म्हणाले, "बारीक झालीस गं." आणि फोन चाचींकडे देऊन गॅलरीत गेले.

*

या वर्षी माझी दहावी संपली, आणि आमच्या घरात लॅपटॉपचा विषय निघाला.

शुक्रवारी जेवणानंतर सगळे आमच्याकडे बसले होते. अब्बांच्या ऑफिसातले एक इंजिनियर अंकल फायनल एक्झिटवर चालले होते, त्यांचा जुना लॅपटॉप विकायचा होता. जड, पण चांगल्या कंपनीचा. दुसरीकडे मॉलमध्ये ऑफर लागली होती. साधाच, प्लास्टिकचा, पण नवा.

"जुना घे, नजीर!" सलीमचाचा अब्बांना म्हणाले. "लोखंड आहे लोखंड! हातातून पडला तर फरशी फुटेल."

"आधी बॅटरी बघा," सुनीतामावशी म्हणाल्या. "बाहेरून ठणठणीत दिसणारे पेशंट मी रोज बघते!"

अब्बांनी मला विचारलं, "तुला कुठला हवा?"

मी म्हटलं, "कुठलाही चालेल."

"ही सगळ्यालाच चालेल म्हणते," अम्मी म्हणाली. मग खाली बघत चटईवरचे भाताचे कण गोळा करत म्हणाली, "नवाच घेऊ या."

चाचींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा मला कळलं की लॅपटॉपबद्दल कुणी बोलतच नव्हतं.

*

तरी अब्बा मला जुना दाखवायला घेऊन गेले. अंकलच्या घरात नुसत्या बॅगा होत्या. त्यांनी लॅपटॉप अब्बांच्या हातात दिला.

अब्बांचं सगळं लहानपण मच्छीच्या धक्क्यावर गेलं आहे. त्यांनी लॅपटॉप उलटा केला. कडेच्या जाळीवर बोट फिरवलं. मग नाकाशी नेऊन वास घेतला!

अंकल म्हणाले, "नजीरभाई, ये लॅपटॉप है, पापलेट नहीं!"

"जला होगा तो बास आएगी ना," अब्बा शांतपणे म्हणाले. "ताजा है."

मी कीबोर्डवर माझं नाव टाइप करून बघितलं. S चं बटण जरा जोरात दाबावं लागत होतं, बाकी सगळं छान होतं. मला तो फार आवडला. 'हाच घ्या' हे शब्द पार ओठांपर्यंत आले होते.

"कसा वाटला?" अब्बांनी विचारलं.

"चालेल," मी म्हटलं.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही मॉलमध्ये गेलो. सेल्समन हैदराबादचा होता, भरभर बोलत होता. अम्मीने त्याला मध्येच थांबवलं.

"वॉरंटी इंडिया में चलेगी?"

"नहीं मॅडम, सिर्फ सौदी में."

मला इतका आनंद झाला की मी पटकन दुसरीकडे बघू लागले. अम्मीने पुन्हा विचारलं, "इंडिया में बिलकुल नहीं?" तो म्हणाला बिलकुल नहीं. देव त्याचं भलं करो!

पण गाडीत बसल्यावर अम्मी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "किती हलका होता नाही? बॅगेत असला तरी जाणवणार नाही. आणि तिकडे चार माणसांत राहिली की सना बोलायला तरी लागेल."

अब्बांनी सिग्नलला गाडी थांबवली. आपण सिग्नलला थांबतो तेव्हा एसीचा आवाज जास्त येतो, तसा येत होता.

"मला जड चालेल," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. अम्मी वळली. "काय?"

"मला जडच हवा. बॅगेत न मावणारा."

अब्बांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. सिग्नल हिरवा झाला होता, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि ते बघतच होते. शेवटी अम्मीच म्हणाली, "अहो, यल्ला, चला की!"

*

मग काल अब्बा कामावरून आले तेव्हा त्यांच्या हातात मॉलची पिशवी होती. मी खोका बघितला. नवाच आणला होता.

बातमी कळताच सलीमचाचा, चाची आणि मावशी आलेच. चाचांनी लगेच सूचना सुरू केल्या. "टेप फाडू नकोस, नीट काप! थर्मोकोल मोडू नकोस! खोका सांभाळ, जाताना लागेल!"

अब्बांनी टेप नीट कापली. लॅपटॉप बाहेर काढला, माझ्या मांडीवर ठेवला. मग त्यावरची फिल्म एका झटक्यात ओढून काढली.

"अरे!" चाचा ओरडले.

अब्बांनी स्वयंपाकघरातून सुरी आणली. रिकामा खोका जमिनीवर ठेवला आणि सरळ मधोमध कापला. मग आणखी कापला. त्यातला एक तुकडा दुमडून माझ्या अभ्यासाच्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. ते टेबल मी पाचवीत असल्यापासून डुगडुगतं.

"नजीर! वेडा झालास काय?" चाचा म्हणाले. "गावाला नेताना कशात घालणार?"

अब्बा टेबल हलवून बघत होते. म्हणाले, "हा गावचा नाही, सलीमभाई."

अम्मी चहा ठेवायला म्हणून आत गेली, आणि बराच वेळ चहा आलाच नाही. चाचींनी मात्र घरी जाऊन काय केलं, ते मला आज सकाळी कळलं. त्यांच्याकडे गेले तर ओट्यावर नवा ओव्हन होता, नाडी नव्हती, आणि चाचा खालचा रिकामा खोका हातात धरून…

थांबा, अम्मी हाक मारते आहे. अब्बा आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलत आहेत, माझ्याच लॅपटॉपवरून.

"सना! लवकर ये गं! आजोबांना सगळं सांगून झालंय. ते एवढंच विचारतायत, खोका जपून ठेवलाय ना?"

आता त्यांना मी काय सांगू, की आमचा खोका तर टेबलाच्या पायाखाली आहे?