चार बोटं जास्त

माझी थोरली बहीण, आक्का, फ्रेमच्या दुकानात माउंट कापते. माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट. बत्तीस वर्षं झाली, हात केसभर हलत नाही. भावजी गेले तेव्हाही पंधरवड्यात कामावर हजर. डोळ्यांतून टिपूस नाही. तेव्हापासून चार महिने मी तिच्याकडे राहतेय. समजावलं, भांडले, मी आहेच फटकळ. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. खरं सांगते, मला तिची भीती वाटायला लागली होती.

भावजींच्या चपला अजून दारातच होत्या. "त्या बघून बघूनच तू अशी झालीस, टाकून दे," मी रोज म्हणायचे. ती हो म्हणेना, नाही म्हणेना.

काल दुपारी डबा घेऊन दुकानात गेले, तर एक जुनं चित्र काच बदलायला आलं होतं. समुद्राकाठी एकटी बाई, पाठमोरी. मालक म्हणाले, "कुणाची तरी वाट बघतेय." फ्रेमना पॉलिश करणारा म्हणाला, "छे, जीव द्यायला आलीय." मी म्हटलं, "नवऱ्याशी भांडून आलीय, दुसरं काय?"

आक्काने मागचे खिळे काढून माउंट उचललं. पुठ्ठ्याच्या पाठीवर पेन्सिलीची बारीक फुली होती, तिचीच खूण.

"हे मीच कापलंय," ती म्हणाली. "जास्त दाबलंय."

चित्राची कड माउंटखाली बोटभर दाबायची असते. हिने डावीकडे चांगली चार बोटं जास्त दाबली होती. त्या झाकलेल्या भागात वाळू होती, आणि वाळूवर पुरुषाच्या चपला, नीट जोडून ठेवलेल्या.

"राहू दे तसंच," मालक म्हणाले. "गिऱ्हाइकाला एकटीच आवडलीय."

आक्काने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नवा पुठ्ठा घेतला, दोनदा मापला आणि चपला दिसतील असा कापला.

"तो पाण्यात उतरलाय," ती म्हणाली. "ही त्याच्या चपला राखतेय. जीव द्यायला कशाला येईल?"

मग हात धुऊन माझ्याशेजारी बसली. "आपल्या दारातल्या राहू देत गं. मला पण राखायच्यात." चार महिन्यांनी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

काल सकाळीच, ती कामाला निघाल्यावर, भंगारवाला आला होता. फुटक्या बादलीबरोबर त्या चपला मी त्याला देऊन टाकल्या होत्या. मोठं काम केल्यासारखी तेच सांगायला मी दुकानात गेले होते.

मी डबा उघडला आणि तिच्यापुढे सरकवला.