भोक पाडलेली चार मडकी

मडक्याला भोक पाडणं दिसतं तितकं सोपं नसतं. जोरात मारलं तर मडकं फुटतं, हळू मारलं तर नुसता ओरखडा उठतो. दगड टोकदार हवा, मनगट सैल हवं, आणि घाव असा पडायला हवा की मडक्याला पत्ताच लागू नये. ही विद्या मी तेराव्या वर्षी हस्तगत केली. कुठं पाहून केली, हे मात्र त्या उन्हाळ्यात मी देवालासुद्धा सांगितलं नसतं.

एकोणीसशे सत्तर नुकतंच उलटलं होतं. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव, मातीच्या भिंतींचं घर, पुढं पत्र्याची ओसरी आणि माझ्या मालकीच्या कबुतरांच्या दोन जोड्या. आमच्या कबुतरांना संसाराची भारी हौस, पण अक्कल शून्य. ओसरीच्या आडव्या वाशावर चार काड्या टाकायच्या, त्यावर अंडं घालायचं आणि ते घरंगळून खाली फुटलं की माझ्याकडं असं बघायचं, जणू मीच ढकललं. मी वाशाला रॉकेलचे डबे बांधले. उन्हानं ते असे तापले की कबुतरं दारातूनच परत फिरली. मग कुंभाराकडची वाकडी भाजलेली चार मडकी आणली, सुतळीच्या शिंक्यात आडवी घातली आणि ओसरीच्या वळचणीला टांगली. गारवा, अंधार, आडोसा. कबुतरांनी त्याच दिवशी ताबा घेतला.

पण एका संध्याकाळी वळीव आला, तोही तिरका. पाणी मडक्यांत शिरलं आणि पोटात साठून राहिलं. सकाळी पाहिलं तर अंडी गार. आता उपाय एकच होता. प्रत्येक मडक्याला खालच्या अंगाला एक भोक, म्हणजे पाणी आलं तरी निघून जाईल.

तर ती विद्या. आदल्या वर्षी गल्लीतले एक म्हातारे वारले, तेव्हा मी मोठ्यांच्या पायांमधून वाट काढत मसणवटीपर्यंत गेलो होतो. म्हाताऱ्यांचा मुलगा पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरत होता. मागून एक जण प्रत्येक फेरीला दगडाच्या टोकानं मडक्याला भोक पाडत होता. टक्! आणि पाण्याची बारीक धार. मडकं शाबूत! सगळे रडत होते आणि मी त्या माणसाचं मनगट बघत होतो. शेवटी मुलानं मडकं मागं टाकून दिलं तेव्हा मला हळहळ वाटली, पण ती मडक्यासाठी.

तसाच टोकदार दगड घेऊन मी एका सकाळी ओसरीत बसलो. टक्, टक्, टक्, टक्. चारही मडकी पहिल्या घावात साधली. मी स्वतःवर बेहद्द खूश.

त्याच संध्याकाळी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पोटात कळ आली. ते जमिनीवर लोळायला लागले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आई त्यांना नगरला घेऊन गेली. मुतखडा निघाला. ऑपरेशन करावं लागणार होतं. मला सांभाळायला आत्या आली, आबांची थोरली बहीण. ती बोलायला लागली की कुत्रीसुद्धा गप्प बसायची.

मला अजून काही कळलेलं नव्हतं. एका जोडीनं पुन्हा दोन अंडी घातली होती आणि मी आनंदात होतो. आत्या ओसरीत ताटात ज्वारी निवडत बसली होती. वरून एक काडी तिच्या ताटात पडली. तिनं वर पाहिलं. मडक्याच्या खालच्या अंगाला गोल भोक.

"ह्ये कुनी पाडलं?"

"मीच," मी अभिमानानं म्हणालो. "बघ की आत्या, कुठं तडा न्हाई."

आत्याच्या हातातली ज्वारी ताटात परत पडली. "आरं मुडद्या! बाप दवाखान्यात पडलाय आन् तू दारात भोकाची मडकी टांगतोस? चार-चार? आताच सराव करून ठिवतुयास व्हय रं?"

आणि त्या क्षणी, मंडळी, मला सगळं कळलं. मी एकुलता एक मुलगा. मडकं ज्याच्या खांद्यावर येणार, तो मी. भोकं पाडली सकाळी आणि कळ आली संध्याकाळी. शिवाय आत्याला एक गोष्ट ठाऊकच नव्हती, की हे मी तिथं, त्या चितेशेजारी उभं राहून शिकलो होतो.

"फोड ती," आत्या म्हणाली.

"एकात अंडी हायेत."

आत्या थांबली. अंडी फोडणं हेही पापच, आणि भाऊ आजारी असताना एक जादा पाप घरात नको. तिनं तीन रिकामी मडकी परड्यात नेऊन फोडली आणि चौथ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "त्ये भोक बुजीव. पिल्लं उडाली का त्येबी फोड."

मी शेणामातीचा गोळा करून भोक बुजवलं. दोन दिवसांत उन्हानं तो गोळा वाळला, तडकला आणि खाली पडला. पुन्हा बुजवलं, पुन्हा पडला. आत्या दर वेळी पडलेला गोळा उचलून माझ्यापुढं ठेवायची. रोज नगरची एसटी यायची. रोज मी फाट्यावर जाऊन उभा राहायचो आणि ती आमच्या गावाला न थांबता निघून गेली की बरं वाटायचं. कुणी उतरलं नाही म्हणजे निरोप नाही, निरोप नाही म्हणजे आबा आहेत.

मग एक कार्ड आलं. आईला लिहिता येत नव्हतं, तिनं तिथल्याच कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. आत्यालाही वाचता येत नव्हतं. तिनं ते माझ्या हातात दिलं आणि समोर बसली.

"ऑपरेशन झाले," मी वाचलं. पुढं लिहिलं होतं, 'रक्त फार गेले. दोन बाटल्या द्याव्या लागल्या. अजून शुद्ध नीट नाही.' आणि शेवटी, 'काळजी नसावी.'

"काळजी नसावी," मी वाचलं.

"येवढंच?"

"येवढंच."

"मग इतका येळ काय वाचीत हुतास?"

"अक्षर खराब हाय."

आत्यानं कार्ड घेऊन देवापुढं ठेवलं. मी बाहेर आलो. आता ती मधली तीन वाक्यं जगात फक्त माझ्याजवळ होती. ठरलं. अंडी गेली तर गेली, मडकं आजच फोडायचं.

भर दुपारी शिडी लावून मी वर चढलो. हातात तोच दगड. दुपारी अंड्यांवर नर बसतो, मादी चरायला जाते. आत हात घातल्याबरोबर नरानं पंखाची सणसणीत चपराक दिली. मग टोचलं. मी हात मागं घेतला नाही. त्याच्या पोटाखाली बोटं सरकवली. अंडं गरम होतं, आणि त्याला एक खडबडीत टवका उडालेला होता. बोटाला आतून काहीतरी लागलं. थांबलं. पुन्हा लागलं. आत कुणीतरी जागं होतं आणि बाहेर यायला धडपडत होतं.

मी दगड उचलला. खरंच उचलला होता. मग खाली टाकला.

उतरल्यावर मी शिडीच्या पायाशी बसलो आणि मला कळलं, आपण निवड केली. तिकडं आबा शुद्धीवर नाहीत आणि इकडं मी त्यांच्याऐवजी कबुतराचं पोर वाचवलं. त्यानंतरचे आठ दिवस मला भाकरीची चव लागली नाही. पिल्लं बाहेर आली. पिवळी लव, मोठाल्या चोची, दिसायला अगदी कुरूप. मी त्यांच्याकडं पाहत नव्हतो. ती जितकी वाढतील तितके तिकडं आबा कमी होतील, असा माझा पक्का हिशेब होता.

नवव्या दिवशी एसटी फाट्यावर थांबली. आई उतरली, हातात गाठोडं घेऊन. एकटी. तिच्यामागं दार रिकामं होतं.

"गाडी हलवू नका वो ड्रायव्हर!" आतून कंडक्टर ओरडला. "पेशंट उतरतोय!"

आबा उतरले. एक हात पोटावर, एक हात कंडक्टरच्या खांद्यावर. निम्मे झाले होते. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं ते घरापर्यंत सोडलं नाही.

आत्यानं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळे पुसले आणि लगेच फिर्याद केली. "ह्याला इचार, काय टांगलंय त्ये!"

मी सगळं सांगून टाकलं. मसणवट, ते मनगट, कार्डातली तीन वाक्यं, दगड, सगळं. आबा बाजेवर टेकून वर मडक्याकडं बघत होते. भोकातून काड्या लोंबत होत्या.

"येका घावात पाडलंस?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग माझ्या येळंला दुसऱ्या कुनाला बलवू नगं. खांद्याव तूच घे, आन् मागनं भोकंबी तूच पाड."

आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग सगळं अंगच. "हसू नगं!" आत्या किंचाळली. "आरं, टाकं तुटत्याल!" त्यावर ते आणखीच हसले. मग एकदम थांबले. पोट दोन्ही हातांनी गच्च धरलं. डोळे मिटले. कपाळावर घाम आला. आई जागची हलली नाही. मी मनात म्हणालो, झालं. एवढं सगळं होऊन शेवटी मीच मारलं, तेही हसवून.



"पानी आन," आबा म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच.

मी आत धावलो. प्यायचं गार पाणी माठात होतं, पण माठ म्हणजे शेवटी मडकंच, त्याला हात लावायची माझी छाती झाली नाही. मी पितळी कळशीतून तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी धरून बाहेर आलो.