गाव न विचारता

गेल्या हिवाळ्यात नवीन जालन्यातल्या एका मंगल कार्यालयात जिल्ह्यातल्या चित्रकारांचा दोन दिवसांचा मेळा भरला आणि त्यात माझ्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चित्रं विकायला ठेवली. तोपर्यंत त्यांनी कापूस विकला होता, मोसंबी विकली होती, बैलजोड्या विकल्या होत्या. चित्र विकलं नव्हतं. कारण चित्र विकायला परका माणूस लागतो, आणि जालना जिल्ह्यात मामांचं ज्याच्याशी नातं निघत नाही असा माणूस अजून सापडायचा होता.

मामा तीर्थपुरीचे. घरची शेती, ती स्वतः करतात. समोर आलेल्या माणसाला ते तीन प्रश्न विचारतात. गाव कोणतं, आडनाव काय, आणि तिसरा प्रश्न पहिल्या दोन उत्तरांवरून ठरतो, तो बहुधा "मंग अमके तुमचे कोण?" असा असतो. चौथ्या प्रश्नाची गरज पडलेली मी पाहिलेली नाही. एकदा जालना स्टेशनासमोर एका ऑटोनं त्यांच्या मोटारसायकलला मागून धडक दिली. मामांचा फोन आला म्हणून मी पोचलो, तर दोघं टपरीवर चहा पीत बसले होते. ऑटोवाल्याची मावशी अंबडला मामांच्या साडूच्या भावकीत दिलेली होती. मोटारसायकलचा मागचा दिवा फुटला होता आणि ऑटोचा पुढचा. मामांनी दोन्हीचा खर्च दिला. मी काही म्हणण्याच्या आत म्हणाले, "सोयऱ्याच्या अंगावर जाता येतंय का, जावईबापू?"

चित्रं ते फक्त झाडांची काढतात. शाळेत असताना चित्रकलेची एक परीक्षा पास झाले होते, पुढं शेतीला लागले. मग एका वर्षी ट्रॉलीला रंग देताना उरलेल्या रंगात त्यांनी प्लायवूडच्या तुकड्यावर बांधावरची बाभळ काढली आणि तेव्हापासून थांबले नाहीत. बसायची जागा गोठा, कारण उजेड तिथं चांगला येतो. साधारण झाड ते काढत नाहीत. प्रत्येक झाड कुणाचं तरी असतं आणि ज्याचं त्यानं ते ओळखलंच पाहिजे असं असतं. एका फांदीसाठी मोटारसायकल काढून शहागडपर्यंत जाऊन येतील. यातून भानगडीही झाल्या. त्यांच्या धाकट्या चुलतभावाच्या बांधावर एक चिंच आहे. तिच्यावरून शेजाऱ्याशी पिढीजात वाद आहे. मामांनी ती चिंच काढून दिली तेव्हा चुलतभावानं चित्र उन्हात धरून बराच वेळ पाहिलं आणि परत केलं. म्हणाला, "दादा, बांध हिकडं सरकलाय. त्यानं बघितलं तर कोर्टात नेईल." मामांनी बांध पुसून पलीकडं काढला. मगच ते चित्र भिंतीवर चढलं.

ही सगळी चित्रं आहेरात गेली. लग्न असो, वास्तू असो, बारसं असो, मामा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं प्लायवूड काखेत घेऊन हजर. घेणारे "वा, छान" म्हणत आणि चित्र भांड्याकुंड्यांच्या ढिगावर ठेवत. आमच्याकडं आहेर पुढं फिरतो, हे सर्वांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. टॉवेल-टोपी, साड्या, स्टीलचे डबे वर्षानुवर्षं गावोगाव हिंडत असतात. चित्रंही हिंडत असतील, हे मामांच्या डोक्यात आलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी आहेर उघडताना वर्तमानपत्रातून एक लिंब निघाला. कडुलिंब, तीर्थपुरीहून शहागडला जाणाऱ्या रस्त्याकडेचा. मामांनीच काढलेला.

घरातले सगळे हसले, मामाही हसले. मग त्यांनी तो लिंब कुठून कुठून आला याचा माग काढला. हे काम त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी परतूरला दिला, परतूरहून तो घनसावंगीला गेला, तिथून भोकरदनला, आणि भोकरदनचे व्याही लग्नाला आले ते तो घेऊन. मधे कुणी त्याला खिळा ठोकला नव्हता. मागच्या बाजूला तशी खूणच नव्हती. कारणही मामांनी सांगितलं: "तो लिंब सडकंचा ना. कुणाच्याच बांधावरचा न्हाई. म्हून कुणीच ठिवला न्हाई." सडक रुंद झाली तेव्हा तो लिंब तोडला गेला होता.

त्यानंतर बरेच महिने त्यांनी ब्रश धरला नाही. मेळ्याची बातमी मीच त्यांना फोनवर सांगितली, सहज. ते दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे. "आहेर म्हून दिल्यालं चित्र कुणी परत करत न्हाई," ते म्हणाले. "म्हून काय ते चांगलं असतंय का? टॉवेलबी कुणी परत करत न्हाई. वळख ना पाळख असा एक माणूस आपणहून म्हणला पाह्यजे, हे मला द्या. एकच. मंग समजंल."

तयारी सुरू झाली तेव्हा लक्षात आलं की विकायला चित्रंच नाहीत. घरात एक लिंब तेवढा होता. कापूस वेचणी चालू, नवीन काढायला सवड नाही. मग मामा मोटारसायकलवर निघाले आणि ज्यांना ज्यांना झाडं दिली होती त्यांच्याकडून ती मागून आणू लागले. गेलं विकून तर दुसरं काढून देऊ, असा वायदा करून. जो माणूस आयुष्यभर आहेर देत हिंडला तो आता परत मागत हिंडतोय, याची तालुक्यात चर्चा झाली. मुलीकडं काही झालंय का, अशी एका घरी हळू आवाजात चौकशीही झाली. चित्रं मिळाली. एका आंब्यानं कूलरची खिडकी बुजवली होती. एका वडाला दरवर्षी वटपौर्णिमेला सूत गुंडाळलं जात होतं, कारण खरा वड लांब पडतो. ते सूत मामांनी सोडवलं नाही. चुलतभावानं चिंच दिली, पण नुसती दाखवायला, आणि चिंचेबरोबर स्वतः येणार या अटीवर.

किमतीचा प्रश्न मामींनी सोडवला. मामांना बैलबाजाराची सवय. त्यांच्या मते किंमत सगळ्यांदेखत बोलायची नसते, रुमालाखाली हात धरून बोटांवर सांगायची असते. मामी म्हणाल्या, "बाया येतील तिथं. त्यान्ला हात धरून भाव सांगणार का?" तेव्हा चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या. खरी अडचण वेगळी होती आणि ती मामींनीच ओळखली. मामांनी गिऱ्हाइकाला गाव विचारलं की नातं निघणार, आणि नातं निघालं की मामा पैसे घेणार नाहीत. म्हणून अंगणात बाज टाकून तालीम ठेवली. त्या रविवारी मी तिथं होतो. मामी गिऱ्हाईक झाल्या, पदर सावरून पुढं आल्या.

"हे केवढ्याला दिलं?"

"बसा की. पाणी घ्या. कोणत्या गावाहून आल्ता?"

"हुकलं," मामी म्हणाल्या. "पुन्ना."

"हे केवढ्याला?"

"चिठ्ठीवर लिव्हलंय." मामा थांबले. कपाळावरची शीर दिसू लागली. "घरी कोण कोण असतंय?"

"हुकलं."

"गाव कुठं विचारलं मी?"

"घरचे सांगितले की गाव येतंच मागून. तुमची आत्या अशीच सापडली होती बसमधी."

मेळ्याच्या पहिल्या दिवशी मंगल कार्यालयात तीसेक चित्रकार होते. कॉलेजातल्या पोरींनी मोबाइलच्या कव्हरवर, पिशव्यांवर चित्रं काढून आणली होती. मामा प्रत्येक टेबलापाशी जाऊन पाहून आले. एका मुलीनं फक्त डोळे काढले होते, ते त्यांना फार आवडले. "नुसते डोळे," ते मला सांगत राहिले, "आन कुणाचे ते कळत न्हाई. तरी लोक घेऊन राह्यले." आमच्या टेबलाशी चुलतभाऊ चिंचेखाली खुर्ची टाकून बसला होता. कुणी जवळ आलं की सांगायचा, "हे विकायचं न्हाई. चिंच आमच्या हद्दीत हाये." पहिलं गिऱ्हाईक बँकेतला एक तरुण. त्यानं आंबा उचलला. मामी पाणी आणायला गेल्या होत्या. त्या परत आल्या तोवर तो परतूरचा निघाला होता, मामांच्या मेहुणीच्या पुतण्याचा वर्गमित्र होता, आणि आंबा फुकट घेऊन पायऱ्या उतरत होता.

"वर्गमित्र म्हंजी पाव्हणा होतोय का?" मामींनी विचारलं.

"होतोय. जेवायला आल्ता तो त्यायच्याकडं."

संध्याकाळपर्यंत वडही असाच गेला, सुतासकट. रिक्षातून उतरताना मामा मला म्हणाले, "मी न्हाई विचारलं तर त्या माणसाला वाईट न्हाई वाटणार का? उभ्या उभ्या यायचं, घ्यायचं, जायचं. कसलं वागणं हे?"

दुसऱ्या दिवशी मामींनी त्यांच्या तोंडात लवंग ठेवली. गिऱ्हाईक समोर असेपर्यंत चावायची नाही आणि बोलायचं नाही. दुपारी जेवणाच्या वेळी हॉल रिकामा झाला. चुलतभाऊ पंगत कुठं आहे ते बघायला गेला. पंगत नव्हती, पण मंगल कार्यालयात ती नसेल हे त्याला पटलं नव्हतं. तेवढ्यात एक बाई आल्या. वय पन्नाशीचं, साधी सुती साडी, खांद्याला पिशवी. टेबलावरून नजर फिरवून त्या लिंबापाशी थांबल्या. खाली वाकून पाहिलं. मग बोटानं खोडाची एक गाठ दाखवली, स्पर्श न करता.

"इथं बस थांबायची ना?"

मामांनी मान हलवली. थांबायची.

"आहे का अजून झाड?"

मामांनी मान हलवली. नाही.

बाईंनी पिशवी खांद्यावरून काढली. "हे मला द्या," म्हणाल्या.

ज्या बाईला त्या सडकेवरचा थांबा ठाऊक आहे तिचं गाव मामांना एका प्रश्नात कळलं असतं. मी त्यांच्याकडं पाहत होतो. ओठ उघडले, मिटले. लवंग फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. मामींनी टेबलाखालून त्यांचा सदरा धरला होता. मामांनी लिंब वर्तमानपत्रात गुंडाळला, आहेराचा बांधतात तसा, सुतळीची गाठ वर ठेवून, आणि दोन्ही हातांनी पुढं केला.

"नीट धरा," ते म्हणाले. "एक कोपरा लागतोय."

मामींनी पैसे घेतले. बाई गेल्या. मामा दरवाजापर्यंत चालत गेले आणि पायऱ्यांवर उभे राहिले. बाई कोणत्या ऑटोत बसल्या, स्टेशनाकडं गेल्या की मोंढ्याकडं, हे त्यांनी पाहिलं असणार. परत येऊन त्यांनी ते सांगितलं नाही आणि मामींनी विचारलं नाही. चुलतभाऊ आला, रिकामी जागा पाहून म्हणाला, "कुणी नेलं?"

"म्हाईत न्हाई," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द एकत्र मी पहिल्यांदा ऐकले. चुलतभावानंही बहुधा, तो चिंचेखाली बसायचा थांबला आणि त्यांच्याकडं बघत राहिला.

त्यानंतर मामांना एक नवी सवय लागली आहे. कुणाच्याही घरी गेले की दारातच ते सगळ्या भिंती पाहून घेतात. हात धुवायच्या निमित्तानं आतल्या खोलीतही डोकावतात. प्रश्न तिन्ही शाबूत आहेत, पण त्यांचा नंबर आता भिंतींनंतर लागतो. मामींनी एकदा माझ्यादेखत विचारलं, "सापडला लिंब तर? ती बाई पाव्हणीच निघाली तर?"

"निघू द्या की," मामा म्हणाले. "भिताडावर हाये का माळ्यावर, तेवढं बघायचं."

मागच्या महिन्यात अंबडला एक साखरपुडा होता. यजमान मामांच्या साडूच्या भावकीतले. मामांनी चपला काढल्या, बैठकीच्या चारही भिंती पाहिल्या, आत जाऊन हात धुऊन आले. एका भिंतीवर कॅलेंडर होतं, एकीवर घड्याळ. पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या मुलीला त्यांनी मघापासून थांबवून ठेवलं होतं. ते माझ्या शेजारी बसले, "न्हाई," म्हणाले, आणि मग पाणी प्यायले.