पारासमोरचा चढ

आमच्या गावात सुनेनं वेशीपाशी सायकलवरून उतरायचं, हे मला कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा बाकीच्या सुना काय करतात ते बघितलं आणि मीही तसंच करायला लागले. गावच्या लेकी सायकलवर बसून शाळेला जायच्या, त्यांना कुणी काही म्हणत नसे. सुनेनं मात्र वेशीत उतरायचं, डोक्यावर पदर नाहीतर ओढणी घ्यायची आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांसमोरून सायकल हातात धरून चालायचं. मी कुपवाडला वर्कशॉपमध्ये कामाला लागले तेव्हाही हे चालूच राहिलं. गावापासून कुपवाड सायकलवर तासाभराचं. सकाळी पार ओलांडून वेशीबाहेर गेलं की बसायचं, संध्याकाळी वेशीत आलं की उतरायचं. अकरा वर्षं मी असं केलं आणि त्यात मला जाच वाटला असं नाही.

माझी सायकल पुरुषी होती, पुढं दांडी असलेली. यांनी ती कुणाकडून तरी जुनी आणली होती. जाड टायर, गिअर वगैरे काही नाही, पण ओढ्यातल्या वाळूतनं आणि माळावरनं पळायची. एकदा पंक्चर काढायला दिली तेव्हा कुपवाडच्या दुकानदारानं सांगितलं की विश्रामबागेतली काही मंडळी बिनगिअरच्या सायकलींची डोंगरातली शर्यत घेणार आहेत, बायकांची वेगळी आहे, आणि ती तुमच्याच बाजूच्या डोंगरावर आहे. मी नको म्हणाले. मला चार माणसांत बोलायचं झालं तरी घाम फुटतो. त्यानं हसत हसत विचारलं, "बोलायचं कुठं हाय ताई? सायकलच चालवायची हाय न्हवं?"

ते माझ्या डोक्यात राहिलं. माझी शाळा चौथीत सुटली. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि आमची माणसं अर्धं वर्ष मेंढरांमागं. नंतर शिवणाचा क्लास लावला, तोही मुलगी झाली तेव्हा अर्ध्यात राहिला. एक तरी गोष्ट सुरू करून पुरी करावी असं मनात आलं. नंबर नको होता. शर्यतीत मागून एक पिकअप गाडी येणार होती, जी मागं राहील तिला तिच्यात बसवून आणणार होते. पिकअपनं गाठलं की शर्यत संपली, असा नियम. वर्कशॉपमधल्या बायका म्हणाल्या, पिकअपमध्ये पुढं बस, मागं धक्के बसतात. मला फक्त त्या गाडीत न बसता परत यायचं होतं.

यांना सांगितलं. ते जा म्हणाले. सासऱ्यांना मात्र सांगायचं धाडस झालं नाही. त्यांना सगळे आबा म्हणायचे. फौजेतून पेन्शनीत आलेले, पाठ ताठ, बोलणं कमी. मला ते कधी रागावले नव्हते, पण त्यांच्यासमोर मी कधी दोन वाक्यं सलग बोललेही नव्हते. रविवारी ओव्हरटाइम आहे असं सांगून मी पहाटेच घरातून निघाले.

शर्यत डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सुरू होणार होती. साताऱ्याकडच्या बायका आल्या होत्या, शिरवळच्या कंपनीत काम करणारी एक होती. ती माझ्याशी आपणहून बोलली. माझं माहेर माण तालुक्याकडचं म्हटल्यावर तिला आनंद झाला, का ते कळलं नाही. तिनंच माझ्या छातीवर नंबराचा कागद टाचला आणि हेल्मेटचा पट्टा आवळून दिला. मग माईकवरून वाट सांगितली. डोंगर चढायचा, खिंडीतून पलीकडं उतरायचं, पायथ्याच्या गावातून जायचं आणि दुसऱ्या वाटेनं पुन्हा वर येऊन इथंच परत. पायथ्याचं ते गाव आमचंच. मी समजून बसले होते की डोंगरावर फिरून यायचं आहे. तिथूनच घरी जावं असं वाटलं, पण सगळ्या निघाल्या तशी मीही निघाले.

पहिला चढ मला जड गेला नाही. गिअर नसलेल्या सायकलीचं एक असतं, चढावर थांबायचं नाही. थांबलं की परत बसता येत नाही, चाक फिरायच्या आधी सायकल आडवी होते. मी आपली उभी राहून, एकेक पाय देत गेले. त्या वाटेचे दगड ओळखीचे होते, जळणाला मी तिथंच येत असे. खिंडीत पोचले तेव्हा माझ्यामागं पाच-सहा जणी होत्या. वरून सगळं शिवार दिसत होतं, द्राक्षबागांवरच्या जाळ्या उन्हात चमकत होत्या. कुणी बघायला नव्हतं, म्हणून मी उतारावर ब्रेक सोडून दिले. तेवढा वारा मला त्यानंतर कधी लागला नाही.

आणि वेशीत आल्याबरोबर मी उतरले.

ठरवून उतरले नाही. पाय आपोआप खाली आला. डोक्यावर हेल्मेट होतं, तर मी त्याच्यावरून ओढणी घेतली आणि सायकल धरून चालायला लागले. मागच्या जणी एकेक करून मला ओलांडून गेल्या. शिरवळची बाई जाता जाता म्हणाली, "अहो, पंक्चर झाली का?" मी मानेनंच नाही म्हटलं.

पारावर सहा म्हातारे बसले होते, मधोमध आबा. एकानं दुसऱ्याला ढोसलं. कोण बोललं ते मी वर बघितलं नाही म्हणून माहीत नाही, पण आवाज ऐकला. "आबा, तुमची सून न्हवं ही? डोक्याला घमेलं घालून कुटं निघाली?" सगळे हसले. आबा हसले नाहीत. मी जवळ आल्यावर म्हणाले, "ह्योच का तुजा ओव्हरटाइम?"

तेवढ्यात मागं हॉर्न वाजला. पिकअप आली होती. टोपी घातलेला एक पोक्त माणूस उतरला आणि अदबीनं म्हणाला, "ताई, दमलात ना? बसा आता. सायकल मागं टाकतो." त्यानं हँडलला हात घातला. मी हँडल सोडलं नाही, पण दमले नाही असंही म्हणाले नाही. पारासमोर उभी राहून परक्या माणसाशी मी कशी वाद घालणार? ही शर्यतही चौथीसारखीच जाणार, असं वाटून डोळे भरून आले.

आबा पारावरून खाली उतरले. आधी त्या माणसाचा हात हँडलवरून बाजूला केला.

"ती फॉलआउट झाल्याली न्हाई, दमून मागं पडल्याली न्हाई," ते म्हणाले. "आमच्यासाटनं उतरलीया. सलामीला थांबल्यालं मानूस दमल्यालं आसतंय व्हय?"

त्या माणसाला काही कळलं नाही. तो नियम सांगायला लागला. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, नियम बरोबर हाय, पण आमच्या गावातनं पाव्हना च्या घेतल्याशिवाय जात न्हाई, ह्योबी नियमच हाय. आणि समोरच्या टपरीला हात करून चार कप सांगितलेसुद्धा. मग माझ्याकडं वळले.

"बस सायकलवर."

पारापासूनच चढ सुरू होत होता. तिथं बसायचं तर चार पावलं पळून दांडीवरून टांग टाकावी लागणार. सासऱ्यासमोर, पाच म्हाताऱ्यांसमोर. मी खाली बघून कसंबसं म्हणाले, "आवं आबा, तुमच्याम्होरं कशी बसू?"

लग्नानंतर मी त्यांना विचारलेला हा पहिलाच प्रश्न असेल.

आबांनी पारावरच्या मंडळींकडं बघून फौजेतल्या आवाजात हुकूम दिला, "पीछे मुड!"

म्हातारे आधी एकमेकांकडं बघत राहिले. मग एकेक करून हलले, कुणी काठी सावरत, कुणी बसल्या जागीच सरकत, आणि सगळ्यांनी देवळाच्या भिंतीकडं तोंड केलं. आबांनीही केलं. टोपीवाला माणूस तेवढा माझ्याकडं बघत उभा होता, तर आबा भिंतीकडं बघतच त्याला म्हणाले, "तुमीबी, साहेब." तोही वळला.

मी पळाले, टांग टाकली आणि उभी राहून पायडल मारायला लागले. पहिल्या दोन पायांना सायकल आडवी होतेय असं वाटलं. मग चाक फिरलं. मागून कुणीतरी विचारत होतं, "गेली का रं?" आणि आबांचा आवाज आला, "बघू नगा आजून."

पुढचा डोंगर मी कसा चढले ते फारसं आठवत नाही. एके ठिकाणी चाक घसरून पडले, गुडघा फुटला, तिथून बरीच वाट सायकल ढकलत नेली. पण दर वळणावर मागं बघत होते आणि मागं रस्ता मोकळा होता. पोचले तेव्हा सगळ्यांचं जेवण चाललं होतं आणि शर्यत संपते तिथं धरायची फीत गुंडाळून ठेवली होती. शिरवळची बाई ताटावरून उठली, उष्ट्या हातानंच तिनं कुणाला तरी ओरडून ती फीत परत धरायला लावली. मी शेवटची. पिकअप माझ्यानंतर आली. टोपीवाला माणूस म्हणाला, दोनदा चहा झाला आणि शेंगाही खाव्या लागल्या, तुमचे सासरे सोडेचनात.

घरी जेवताना आबांनी गुडघ्याकडं बघितलं आणि हळद लाव म्हणाले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुपवाडहून आले आणि रोजच्यासारखी वेशीत उतरले. पारावर मंडळी होतीच. मला बघून आबांनी भिंतीकडं तोंड केलं. बाकीच्यांनीही केलं. मी सायकल धरून उभी राहिले. पुढं जावं की बसावं, कळेना. एक म्हातारा भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाला, "पोरी, लवकर काय ते कर. मान आवघाडती."

त्यानंतर कैक वर्षं असंच चाललं. हळूहळू इतर सुनाही बसून जायला लागल्या. त्या म्हाताऱ्यांची तोंडं मी कधी नीट बघितली नाहीत, पण पाठी मला सहाच्या सहा ओळखू यायच्या. एकाच्या सदऱ्याला खांद्यावर ठिगळ होतं, एक डावीकडं कललेला असे, एकाची मान हसून हलत असायची. आबांची पाठ ताठ.

आता मी स्कूटीवरून जाते. पाराला फरशी बसवली आहे, तिथं बसलेली माणसं मोबाइलमध्ये असतात, कोण आलं कोण गेलं त्यांना कळत नाही. सुना भर्रकन निघून जातात आणि ते चांगलंच आहे, माझ्या मुलीला हे सांगितलं तर ती हसते. पण त्या पाठींतली एकही आता पारावर नाही. चढाला लागताना मी अजून गाडी हळू करते.